तासाभराचं माहेर

आखातातल्या बेटावर, मीना सलमान बंदराच्या धक्क्यावर, इलियास मुकादमाने एकोणीस वर्षं गाड्या बांधल्या. कतारला जाणाऱ्या बोटीच्या पोटात गाडी शिरली की चाकांना पट्टे आवळायचे, ओढून बघायचे आणि बॉनेटवर दोन थापा मारायच्या. त्या थापा पडल्याशिवाय कप्तानसुद्धा हलत नाही, असं तो सांगायचा. फुगवून सांगायचा, पण का नाही सांगू? गाडीवाले वर एसीत बसत; गाडीवर ओरखडा न येऊ देणारा माणूस खाली डिझेलच्या वासात उभा असे.

दर शुक्रवारी तो बोटीबरोबर पलीकडे जाई. बोट तासभर थांबे आणि खलाशांच्या पासावर फाटकापर्यंत जायची मुभा असे. फाटकाबाहेर धाकटी बहीण ताहेरा उभी. ती तिकडे एका घरी स्वयंपाकाला होती. आईबाप गेले, श्रीवर्धनचं घर भाऊबंदांनी गिळलं. ताहेराला माहेर उरलं ते या तासाचं. आणि आईच्या पाट्या-वरवंट्याचं. ते धूड सहा महिने भावाकडे, सहा महिने बहिणीकडे असे. ओळखीच्या कुणाच्या तरी डिकीत घालून इलियास ते बोटीवर चढवी. तास भरला की भोंगा होई आणि दोघं अर्ध्या वाक्यावर उठत.

मग एक दिवस नोटीस लागली. गाड्या कमी, परवडत नाही, बोट खलास. गाडीवाल्यांचं काय अडलं? त्यांना पुलावरून सौदीमार्गे रस्ता होता. इलियासचं काय, हे कुणी विचारलं नाही. कंपनीने त्याला गोदामात ढकललं.

पाटा-वरवंटा तेव्हा अलीकडे, मुहर्रकला इलियासच्या घरी होता आणि पाळी ताहेराची होती.

ऑफिसातल्या पुण्याच्या सुयोगने कतारच्या व्हिसाचा अर्ज भरून दिला. कामाच्या कार्डावर हुद्दा 'लोडर'; त्या हुद्द्याला व्हिसा मिळत नसे. अर्ज दोनदा परत आला. इलियास भडकला. "एकोणीस वर्षं तिकडे जाऊन आलो, तेव्हा कोण होतो मी?"

सुयोगने मान वर केली नाही. "तेव्हा तुम्ही बोटीचे होता, इलियासभाई."

ताहेरा फोनवर टोमणे मारायची. "पाटा दाबून बसलास ना, भाई? मिक्सरचं वाटण खाऊन जीभ मेली माझी." तो हसून फोन ठेवायचा आणि धुतलेला पाटा पुन्हा धुवायला घ्यायचा. बायको शरीफुन्निसा पलीकडे मिक्सर लावायची. पाळी ताहेराची म्हणून इलियासच्या घरातही पाट्यावर काही वाटलं जात नव्हतं.

जुनी बोट बंद झाल्यापासून अकराव्या महिन्यात नवी सुरू झाली. लहान, फक्त माणसांची. सुयोगने मध्यंतरी कंपनीच्या मागे लागून कार्डावर 'स्टोअरकीपर' करून घेतलं होतं. या वेळी व्हिसा आला. पण जेट्टीवर पाटा वजनकाट्यावर ठेवताच तिथल्या माणसाने मान हलवली. मफी. एवढं वजन चालायचं नाही. इलियास दगडाची बाजू घेऊन तावातावाने भांडला. माणसांची रांग खोळंबली. शेवटी पोचवायला आलेल्या सुयोगने पाटा उचलून आपल्या गाडीत टाकला. वरवंटा तेवढा टॉवेलात गुंडाळून इलियासच्या मांडीवर गेला. बोटीत बांधायला काहीच नव्हतं. त्याचे हात सारखे सीटच्या पट्ट्यावर जात होते.

पलीकडे ताहेरा होती. या वेळी मधे फाटक नव्हतं. नुसता वरवंटा बघून ती आधी हसली, मग पदराने त्यावरची धूळ पुसली, जी नव्हतीच. बाकावर दोघं बसली. शरीफुन्निसाचे गुडघे, ताहेराची मालकीण, श्रीवर्धनच्या आंब्याला यंदा मोहर आला की नाही. परतीची बोट संध्याकाळी पाचला होती. सबंध दिवस पुढ्यात होता.

बोलता बोलता इलियास उठला. खिसा चाचपला, शर्ट सारखा केला, सलाम करायला हात वर नेला.

ताहेराने घड्याळ पाहिलं. बरोबर एक तास झाला होता.

"भोंगा कुणी दिला, भाई?"

तो कसनुसं हसला आणि खाली बसला. पण पुढचं बोलणं काही केल्या सुचेना. एकोणीस वर्षांत दुसऱ्या तासाचं बोलणं त्यांनी कधी ठेवलंच नव्हतं. ताहेराने वरवंटा मांडीवर घेतला, घरून आणलेला डबा उघडला आणि पहिला घास त्याच्यापुढे धरला. तो चावता चावता समुद्राकडे कान देऊन बसला.