यादीतलं पहिलं नाव

आमच्या मारुंजीच्या खोलीतल्या भाडेकरूची नोकरी गेली, तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात बसतो. वसुलीवाल्याचा फोन आला की उभा ऱ्हाऊन बोलतो, "हो सर, देतो सर."

काल दिवाळखोरीचा अर्ज घेऊन आला. आठ दिवस झालं, सही करू का नको, त्याचं चाललंय.

"काका, ज्यांचं देणं आहे त्यांची यादी बघता का?"

ब्यांका, कार्डं लई हुती. पण सगळ्यात वर माझ्या बायकोचं नाव, पाच हजार. मला ती कधी बोलली न्हाई.

"खोड ते. मेलेलं माणूस मागायला येतंय व्हय?"

"काकूंनी जिवंतपणीही मागितले नाहीत, काका."

त्यानं पेन माझ्याच हातात दिलं. रेशनकार्डावरनं तिचं नाव मीच कमी करून आलो हुतो. हितं खोडलं न्हाई.