बेंबीवरचं माप

मी इंदापुरात एका शाळेत पी.टी. शिकवायचो. नोकरीला लागलो तेव्हा पँट चौतीसची होती, निवृत्त झालो तेव्हाही चौतीसचीच. हे मी तोऱ्यात सांगायचो. पट्टा दरवर्षी थोडा खाली सरकत पोटाखाली जाऊन बसला होता, ते मात्र सांगत नसे. हातपाय काटक, वजन जेमतेम, पोट तेवढं पुढे. अशा माणसाला आमच्याकडे कोणी लठ्ठ म्हणत नाही.

लठ्ठ म्हणायचे ते माझ्या बायकोला. तिचा बांधा मुळातच रुंद, मांड्या-कमरेत भरलेला.

मी नोकरीत असतानाच तिच्या गुडघ्यांसाठी एकदा बारामतीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोघांचंही रक्त तपासलं. तिचा रिपोर्ट साफ आला, साखर निघाली मला. "अदलाबदल झाली असेल," मी म्हणालो. "मी रोज मैदानावर असतो."

डॉक्टरांनी टेप घेतली आणि पट्ट्यावर न लावता बेंबीवरून फिरवली. मी पोट आत ओढलं.

"श्वास सोडा, सर."

टेप चाळीसच्या पुढे गेली. त्यांनी समजावलं की मांड्यांवरची चरबी कातडीखाली असते, तिचा त्रास कमी. पोटातली यकृताला, आतड्यांना वेढून बसते, आणि मग शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. "कारखान्याबाहेर उसाच्या गाड्या तुंबतात ना? आत कोणी उतरवून घेत नाही, म्हणून. तुमच्या रक्तात साखर तशी उभी आहे. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून सोडून दमतंय. पोट उतरलं तर पुष्कळ सुधारेल."

परतताना एसटीत शाळेतले एक सहकारी शेजारी बसले. त्यांना पिशवीतल्या गोळ्या दिसल्या.

"शुगर कुणाला वो, सर?"

पी.टी.च्या मास्तरला साखर! स्टाफरूममधलं हसू मला तिथेच ऐकू आलं. मी बायकोकडे बोट केलं.

"वाटलंच. तुमी तर काटक गडी. वहिनी, भात सोडा आता."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. उतरल्यावर म्हणाली, "घ्या माझं नाव. माझं काय झिजतंय?"

झिजलं. लग्नात बायका तिच्या पानातली जिलबी उचलायच्या, वर उपदेश करायच्या. घरी पाहुणा आला की बिनसाखरेचा चहा तिच्यापुढे यायचा आणि गोड माझ्यापुढे. खोटं टिकवायला मी चारचौघांत जिलब्या खाल्ल्या, आणि गोळी घ्यायला स्वयंपाकघराच्या दाराआड गेलो. पोट कमी करायला चालायला हवं होतं, पण लोक विचारतील म्हणून तेही टाळलं. आता तळपायांची आग होते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. तिने एवढ्या वर्षांत कुणाला एक शब्द सांगितला नाही. पोटच्या मुलालाही नाही.

आज रविवार. मुलगा बारामतीत असतो, बैठी नोकरी करतो. दुपारी भिगवणहून मासे घेऊन आला. ती तळत होती. त्याच्या शर्टाची खालची बटणं ताणलेली बघून म्हणाली, "एकदा रक्त तपासून घे रे."

"आई, शुगर तुला हाय. मी आबांवर गेलोय." त्याने काडीसारखे हात पुढे केले. "पँट अजून चौतीसची हाय माझी!"

तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळली. "आता तरी तोंड उघडा. का पोराला पण असंच जाऊ देताय?"

मी सांगितलं. आधी त्याला थट्टा वाटली. मग तो आईला म्हणाला, "आणि तू गप बसलीस?"

"मग काय दवंडी पिटू? माझ्या जिलब्या तेवढ्या भरून द्यायला सांग तुझ्या आबांना."

तो हसला. मला हसता आलं नाही.

तिच्या शिलाईच्या डब्यातली टेप मी आणली आणि त्याच्या बेंबीवरून फिरवली. त्याने पोट आत ओढलं.

"श्वास सोड," मी म्हणालो.

आकडा त्याने स्वतः वाचला. मग टेप काढून पुन्हा लावली आणि पुन्हा वाचला. 

तिने चहा आणला. बिनसाखरेचा कप माझ्यापुढे ठेवला आणि गोड स्वतः घेतला. तिसरा कप मुलाचा, त्यात अजून साखर घातली नव्हती.

"घालू का?" तिने विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला. "उद्या रक्त तपासलं की कळेलच."

आता तो आत पडलाय. उद्या सकाळी उपाशीपोटी त्याचं रक्त द्यायला तो आणि मी बारामतीला जाणार आहोत. एसटीत कोणी ओळखीचं भेटलं तर त्याला मीच सांगेन. आणि ज्यांनी ज्यांनी तिच्या पानातलं उचललं, त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवतो. साखर मला होती. तिला कधीच नव्हती.