झेंडूच्या तोड्यासाठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवालाही नाही — देवाला कुठल्या तोंडानं सांगू? त्याच्याच नावाखाली तर सगळं चाललं होतं!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकला लागूनच आमचा फुलांचा मळा. मी थोरली सून, सुनंदा माझी धाकटी जाऊ. घरचा नियम असा की पाळी आलेल्या बाईनं फुलांना हात लावायचा नाही, फुलं देवाला जातात. चार दिवस बाजूला बसायचं. सुनंदा मात्र बारा-बारा दिवस बसायची, पोट धरून, भिंतीला टेकून. आणि तिच्या वाट्याचा झेंडू कोण तोडणार? मी. कंबर मोडेस्तोवर. मला वाटायचं, ही सोंगं करते. असा संताप यायचा तिचा — आजही येतो, पण आता माझाच येतो.

शेवटी मीच तिला दवाखान्यात नेलं. सोंग उघडं पाडायला, दुसरं काय? सोनोग्राफीसाठी तांब्याभर पाणी प्यायलेली सुनंदा तपासणी होताच संडासाकडे पळाली, आणि डॉक्टरीणबाईंनी सगळं मलाच समजावलं. गर्भपिशवीचं आतलं अस्तर पिशवीच्याच स्नायूत शिरलंय, म्हणून ती सुजलीय, म्हणून इतकं रक्त, इतक्या कळा. अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात. कॅन्सर नाही, पण दुखणं खरं आहे. आधी गोळ्या, रक्तवाढीचं औषध. नाहीच थांबलं तर ऑपरेशन. मला कळलं नाही असं नाही — दहावी पास आहे मी.

बसमध्ये सुनंदानं विचारलं. काही निघालं नाही, मनाचं आहे म्हणाल्या, असं मी सांगितलं.

"मग मला दुखतंय ते काय हो, ताई?"

घरी सासूबाईंनाही तेच सांगितलं, आणि चिठ्ठी, रिपोर्ट, सगळं चुलीत घातलं.

का? दसरा तोंडावर होता. मळा फुलून आला होता आणि मला एकटीला तोडा काढायचा नव्हता. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं!

सासूबाईंनी फर्मान काढलं — पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, की मळ्यात. रक्त थांबो न थांबो. मग कुठे गेला होता विटाळ? तोड्याच्या वेळी देवाला चालतं वाटतं! पाच वर्षं ती कापडावर कापड बांधून झेंडू तोडत राहिली, आणि मी शेजारच्या सरीत. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

एक दिवस ती सरीतच कोसळली. रक्ताच्या बाटल्या चढवल्या, पिशवी काढावी लागली. इतकी वर्षं झोपला होतात का, असं डॉक्टर ओरडले, तेव्हा मी दिराकडे डोळे वटारून पाहिलं. मी!

सुनंदा आता बरी आहे. पाहुणे आले की अजूनही सांगते, "घरात कुनी इचारत नव्हतं, तवा ह्या ताईच मला दवाखान्यात घेऊन गेल्या."

मी खाली मान घालून चहा ओतते. पाहुण्यांना तो माझा मोठेपणा वाटतो.