आत्याबाईंचं ओगराळं

आत्याबाई चुलीकडे तोंड करून बसत आणि मागून कोण आलं ते न बघता ओळखत. पाऊल जड असलं की त्यांच्या हातातलं लांब दांड्याचं ओगराळं मडक्याच्या तळाशी जाई आणि वाडग्यात भाताचा गोळा पडे. पाऊल हलकं असलं, बांगडी वाजली, की तेच ओगराळं वरच्यावर बुडून येई आणि वाडग्यात नुसतं पाणी पडे. इतक्या वर्षांत त्यांची चूक झालेली मी पाहिली नाही.

उकड्या तांदळाची पेज चुलीवरून उतरवली की थोड्या वेळात भात खाली बसतो आणि वर निवळ येते. एकाच मडक्यातून मग दोन न्याहाऱ्या निघतात, खालची पुरुषांची आणि वरची बायकांची. आमच्या घरी पेज शिजल्यावर कोणी ढवळायची नाही असा आत्याबाईंचा नेम होता. कोणी चुकून हात लावला तर म्हणत, "बसू दे त्याला गो. बसलेल्या माणसाला आणि बसलेल्या भाताला उठवू नये."

रत्नागिरीच्या बाजारात आमचं धान्याचं दुकान. मामंजी, म्हणजे माझे सासरे, गादीवर बसत. धाकटे दीर, शंकरभावोजी, मोजमाप बघत. माझे यजमान मुंबईला एका पेढीवर नोकरीला होते. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. त्यांच्या जागी मामंजींची थोरली बहीण, बालपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली, घर चालवत होती. त्या आत्याबाई. मी एवढंसं बोलणारी. चौथीपर्यंत शिकलेली, पण वर्गातही कधी हात वर केला नव्हता. त्यामुळे हे लिहिते आहे ते मी कधीच कोणाला बोलून दाखवलेलं नाही.

धान्याची त्यांना फार चांगली पारख होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. दुकानात नवा माल आला की मामंजी मूठभर घरात पाठवत. आत्याबाई ते शिजवून अंगठा आणि बोटात चिमटीत धरत, बोटं सोडत, पुन्हा धरत. तार किती लांब येते ते बघत. "बोटाला चिकटतं तेच आतड्याला चिकटतं," असं त्यांचं शास्त्र. प्रत्येक धान्याबद्दल त्यांचा निकाल तयार असे. "पोहे जिभेला, नाचणी हाडाला, उकडा पोटाला. वरी ती देवाला, माणसाने तिच्यावर राहू नये." गिरणीचा पांढरा तांदूळ बाजारात आला तेव्हा तो चिमटीत धरून म्हणाल्या, "ही नवरी पावडर लावून आलेय. कामाला नाही टिकायची." मामंजी पोट धरून हसले होते.

एवढं सगळं कळणारी बाई आम्हाला निवळ वाढत होती. विचारलं असतं तर त्यालाही उत्तर तयार होतं. "तांदळाचं सगळं सत्त्व शिजताना पाण्यात उतरतं. खाली राहतो तो चोथा. पुरुषांनी चोथा खायचा नि बायकांनी सत्त्व प्यायचं, आणखी काय पाहिजे?" मग स्वतः सत्त्व का पीत नव्हत्या? त्या सगळ्यांच्या शेवटी बसत आणि मडकं खरवडून घेत. त्याला त्या उरलंसुरलं म्हणत. बाजारभर त्यांचा लौकिक होता, की आत्याबाई उरल्यासुरल्यावर राहतात. त्या उरल्यासुरल्यात किती भात असे ते मडकं घासणाऱ्या मला ठाऊक.

राजिवड्याची एक कोळीण आमच्या दारावर मासळी घेऊन येई. आत्याबाईंची घासाघीस म्हणजे तिला रोजची डोकेदुखी. एकदा ती वैतागून म्हणाली, "आत्याबाय, सौंदाळ्याला एवढी किटकिट करतेस, तुझ्या पेजेत तरी भात असतो काय गो?"

"असतो तर!" आत्याबाई म्हणाल्या. "पुरुषांच्यात असतो!"

दोघी खो खो हसल्या. मी मागे विहिरीवर उभी होते. त्या हसण्यात लपवाछपवी नव्हती, लाज नव्हती. मला तेच जास्त लागलं.

माझी पहिली मुलगी कुसुम झाली तेव्हा यांनी मुंबईहून बोटीने एक डबा पाठवला. वर विलायती चित्र होतं. सोबत निरोप होता, बाळंतिणीला रोज सकाळी दुधात शिजवून द्यावं. शंकरभावोजींनी डब्यावरचं इंग्रजी वाचून दाखवलं, "हे ओट, विलायतेचं धान्य. याने अंगात बळ येतं, हाडं भरतात, लहानमोठ्यांना चालतं."

"घोड्याच्या तोबऱ्यातलं दिसतंय," आत्याबाई म्हणाल्या. पण लगेच शिजवलं. एका बाजूला नाचणीची आंबील, एका बाजूला ते, आणि दोन्ही आळीपाळीने चिमटीत धरून बघितलं. डब्यातल्याची तार लांब आली. त्यांचा चेहरा बदलला.

"अगो, हे चिकटतं हो! नाचणीच्या वर गेलं!"

मी आतल्या खोलीत बाजेवर होते. मला वाटलं, आता वाडगा येईल. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "एवढं जड तुला कच्च्या अंगाला सोसायचं नाही बाय. भाऊ नि शंकर दिवसभर दुकानात खपतात, त्यांना देत्ये." डबा कपाटात गेला आणि किल्ली त्यांच्या कमरेला. मामंजी आणि भावोजी रोज सकाळी ते दुधातलं खात होते. मला आतून वास येत होता. भावोजी एकदा म्हणाले, "वहिनींना वाईच दिलं तर?" त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "सून म्हणजे चूल रे. तिला लाकूड लागतं, तूप नाही." भावोजी हसले आणि खायला लागले.

मला दूध पुरेना. कुसुम रडून रडून निळी पडायची. आत्याबाई म्हणाल्या, "निवळ पाज तिला. त्यात सत्त्व असतं." मीच वाटी पुढे केली, त्यांनी वरचं ओतलं, मी पाजलं. पोरगी पोट भरल्यासारखी गप्प व्हायची. आत्याबाई म्हणायच्या, "बघितलंस?" कुसुमचे पाय काडीसारखे झाले. पुढे तिला ताप आला आणि त्या एका तापात ती गेली. एखाद्या भरल्या अंगाच्या मुलाला तसा ताप आला असता तर ते उठून बसलं असतं.

त्या दिवशी आत्याबाई माझ्याजवळ बसल्या, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "तिच्या अंगी लागलंच नाही काही. काही पोरांना लागतच नाही. आपण देण्यात कसूर केली नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं. त्यांनी कुसुमला मांडीवर खेळवलं होतं, तिच्यासाठी गोधडी शिवली होती. ते खरं पाणी बघून माझ्या मनात जे उठलं ते अजून बसलेलं नाही. मला त्यांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, की त्या पाण्यात काही नव्हतं. त्यांनी रडावं, पाया पडावं असं मला कधी वाटलं नाही. एवढंच म्हणावं.

दुसऱ्या खेपेला मला चक्कर येऊ लागली तेव्हा हे रजेवर आले होते. मला दवाखान्यात घेऊन गेले. तिथे एक डॉक्टरीण होती.

"सकाळी काय खाता?" तिने विचारलं.

"पेज."

"चांगलं आहे. उकड्याची ना? भात किती असतो तिच्यात?"

मी खाली बघत राहिले. तिने यांच्याकडे बघितलं. हे भिंतीकडे बघत होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, पाणी पिऊन दूध येत नाही. नाचणी खा, गूळ खा, डाळ खा. पेज खाल तर खालचा भात खा. पांढऱ्या तांदळापेक्षा उकडा बरा आणि हाडांना त्याहून नाचणी बरी. विलायती डबा नसला तरी चालेल, पण वाडग्यात काहीतरी पाहिजे."

घरी आल्यावर यांनी ते आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "त्या डॉक्टरणीला विचार, तिच्या आजीला काय वाढत होते? आणि ती जन्मली की नाही?" हे हसले नाहीत एवढंच. रजा संपली, मांडवी बंदरावरून बोटीने परत गेले.

मग मी माझी सोय केली. दुकानाच्या मागच्या खोलीत नाचणीच्या पिठाचं पोतं असे. दुपारी पुरुष झोपले, की मी मूठभर पीठ गुळात कालवून कोरडंच खात होते. घशाला चिकटायचं. चिकटलं की मला आत्याबाईंचं शास्त्र आठवायचं आणि मी आणखी खायची. त्याला कोणी चोरी म्हणत असेल तर म्हणो. माझी मंजू त्या पिठावर वाढली. ती दणकट निघाली तेव्हा आत्याबाई शेजारणींना सांगत होत्या, "आमच्याकडची निवळच तशी."

मंजू पाटी घेऊन शाळेत जाऊ लागली त्या सुमारास एके सकाळी आत्याबाई चुलीसमोर कलंडल्या. उजवा हात आणि उजवा पाय गेला. तोंड वाकडं झालं, पण बोलणं समजत होतं. ओगराळं माझ्याकडे आलं.

त्या सकाळची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. त्यांना माजघरात उशीला टेकून बसवलं होतं, तिथून चूल दिसत होती. मी ठरवलं होतं, त्यांचा वाडगा हातात घ्यायचा आणि त्यांच्या देखत वरचं पाणी ओतायचं. मी ओगराळं उचललं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मला वरचं दे हो. आता मी कामाची राहिले नाही. भाऊला आणि शंकरला तळाचं घाल. तुला आता घर कळेल."

माझा हात थांबला. माझी शिक्षा त्या आपणहून मागून घेत होत्या, आणि वर मला आपली गादी देत होत्या. मी वरचं वाढलं असतं तर मी त्यांचीच वारस झाले असते.

मी ओगराळं मडक्याच्या तळाशी घातलं आणि ढवळलं. खालचा भात वर आणला, वरचं पाणी खाली नेलं, गरगर ढवळलं. सगळी पेज एकसारखी झाली.

"ढवळलंन!" आत्याबाई ओरडल्या. "भाऊ, बघ रे, ढवळलंन हिने! मोडलंन घर!"

मामंजींनी वाडग्यात बघितलं. "आज पेज पातळ आहे सूनबाई."

"हो," मी म्हटलं. या घरात मामंजींना मी दिलेलं ते पहिलं उत्तर.

"रोज अशीच?"

"हो."

भावोजी मंजूच्या वाडग्यात डोकावले. तिचा आणि त्यांचा वाडगा सारखाच होता. दोघांनी वाडगे संपवले. अधिक भात हवा असता तर अधिक तांदूळ घालायला आमचंच दुकान होतं. दोन दिवसांनी मामंजींनी स्वतःच मापटं वाढवलं.

आत्याबाईंना मी माझ्या हाताने भरवत असे. त्या तोंड मिटून घेत.

"मी बाईमाणूस. मला वरचं दे."

"वरचं राहिलं नाही, आत्याबाई. उघडा तोंड."

"पुरुषांचं खाऊन मला पाप लागेल."

"लागू दे. गिळा."

त्या रडत, शिव्या देत, आणि भूक लागली की गिळत. रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत मी मडकं ढवळत होते, आणि रोज त्या डोळे मिटून घेत होत्या. मला गोड वाटत होतं. नाचणीची आंबील, डाळ घातलेली खिचडी, पोहे दुधात भिजवून, सगळं दिलं. त्यांच्या गालावर मांस आलं. शेजारणी येऊन म्हणायच्या, "सून असावी तर अशी! सख्ख्या आईचं कोणी करत नाही एवढं." आत्याबाई वाकड्या तोंडाने सांगायचा प्रयत्न करत, "सूड घेत्ये गो ही." शेजारणींना वाटे, म्हातारी भ्रमात बोलते. पण आत्याबाई भ्रमात नव्हत्या. त्या घरात मला ओळखणारं तेवढं एकच माणूस होतं.

पुढे त्यांचं गिळणंच बंद झालं. शीत घशात अडकू लागलं. वैद्य म्हणाले, आता नुसती निवळ द्या, तीही चमच्याने. गेल्या त्याच्या आदल्या सकाळची ही गोष्ट. मी लहान मडक्यात वेगळी पेज शिजवली, उतरवली आणि बसू दिली. भात खाली गेला. वरचं पाणी वाटीत काढून घेऊन मी त्यांच्याजवळ बसले. मीठसुद्धा बेताचं घातलं होतं.

पहिला चमचा त्यांनी गिळला. जीभ टाळूवर फिरवली. इतकी वर्षं वाढलं, पण चव बहुधा पहिल्यांदाच घेत होत्या. दुसरा चमचा गिळला. मग त्यांनी डावा हात उचलला, ओठावरून ओघळलेलं पाणी अंगठ्यावर घेतलं, बोटाशी धरलं आणि बोटं सोडली. तार आली नाही. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. माझ्याकडे बघितलं.

"यात काही नाही गो," त्या म्हणाल्या.

"नाही, आत्याबाई."

त्यांनी ती दोन बोटं पदराला पुसली. मग अगदी हळू विचारलं, "कुसुमला हेच?"

"हेच," मी म्हटलं आणि पुढचा चमचा भरला.