डाव्या कानातला ट्रम्पेट

परदेशातल्या नोकरीसाठी मी आमच्या सांडोर गावातून निघाले त्या सकाळी बाबा केळीच्या बागेत पाणी सोडत होते. गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. आईने बॅगेच्या कोपऱ्यात उन्हात वाळवलेली सुकेळी कोंबली, आणि बाबा चिखलाचे पाय न धुताच बाहेर आले. येऊन मला त्यांच्या उजव्या हाताला घेऊन उभे राहिले. "बोल, बाय, काय बोलायचं ते." मी बॅगेची चेन पुन्हा ओढून पाहिली. शेवटी तेच म्हणाले, "तिकडं थंडी असते. कान झाकून ठेव."

दुसऱ्या कुणाच्या वडिलांनी स्वेटरची आठवण केली असती. बाबांना कानांचीच काळजी, कारण त्यांचा डावा कान गेलेला. शेती करता करता त्यांनी कितीतरी वर्षं गावच्या बँडात ट्रम्पेट वाजवला. वरातीत त्यांची जागा रांगेच्या मधोमध, आणि डाव्या बाजूला मोठा ढोल. त्या ढोलाने कान हळूहळू खाल्ला. मशीन लावूनही फरक पडणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. डावीकडचे साथीदार ऐकू येईनात, तेव्हा बाबांनी ट्रम्पेट कपाटावर ठेवून दिला. "माझाच आवाज ऐकायचा तर बँड कशाला?" एवढंच म्हणाले. कुणाला दोष दिला नाही, की चिडचिड केली नाही.

मी लायप्झिगला एका प्रयोगशाळेत नोकरीला लागले. सांडोरला आमच्या शेजारच्यांचा कुकर आमच्या घरात वाजायचा, आणि इथे रविवारी खुर्ची सरकवली तरी खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन हळूच सांगायच्या, "आज रविवार आहे." त्यामुळे हेडफोन ही माझी चैन नव्हती, गरज होती. पहिला घेतला तो बास फार दणदणीत असलेला. डोक्यात डीजे शिरल्यासारखं व्हायचं. मग मी शिकत गेले. स्वस्तातलाही हेडफोन चांगला असू शकतो, फक्त तो गाणं आपल्या मनाने रंगवून सांगणारा नको. पॅड बदलता यावेत, केबल निघावी, डोक्याला चाप बसू नये. दुकानात कानाला लावून, परत ठेवून, पुन्हा पुढच्या आठवड्यात जाऊन ऐकून मी माझा हेडफोन निवडला. दिसायला अगदी साधा, काळा.

त्यावर काय ऐकायचं ते ग्रंथालयाने ठरवलं. तिथून सहज एक जॅझची सीडी आणली. ट्रम्पेट सुरू झाला आणि मी हातातली बशी खाली ठेवली. तो आवाज मला ओळखीचा होता. गाणं नाही, गाण्यात मध्येच घेतलेला तो श्वास. वाजवणारा माणूस फुंकर घालायच्या आधी जरा थांबतो ना, तो.

तेव्हापासून मी रीइश्यू, म्हणजे जुन्या रेकॉर्डींच्या नव्याने काढलेल्या आवृत्त्या, जमवायला लागले. मूळ तबकड्या माझ्यासारखीला कुठे परवडणार! पण कुणीतरी जुन्या टेप शोधून काढतं, त्यावरची खरखर जपून कमी करतं, वाजवणाऱ्यांची नावं नीट छापतं आणि ते संगीत पुन्हा साध्या माणसाच्या हातात देतं. या कामाचं मला फार अप्रूप वाटतं. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलेत, त्यांना हे समजेल. आपणही तिकडे जाऊन जुनंच काहीतरी नव्या वेष्टनात सांभाळत असतो.

पहिल्या सुट्टीत मी बाबांसाठी तसलाच हेडफोन घेऊन आले. ते ओट्यावर बसले, मी तो त्यांच्या डोक्यावर बसवला आणि मोबाइलवर माझी सर्वांत आवडती रेकॉर्ड लावली. बाबांनी डोळे मिटले. उजवा पंजा मांडीवर ठेका धरू लागला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने ते अदबीने म्हणाले, "ग्वाड हाय. सॅक्सोफोनवाला पक्का हाय. पन ट्रम्पेट नाय काय यांच्यात?"

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मग लक्षात आलं. त्या काळच्या स्टीरिओत सॅक्सोफोन एका बाजूला आणि ट्रम्पेट दुसऱ्या बाजूला ठेवायची पद्धत होती. ज्याच्यासाठी मी हे सगळं आणलं होतं, तो ट्रम्पेट त्यांच्या मेलेल्या कानात वाजत होता.

मी सांगितल्यावर बाबांनी हेडफोन काढला आणि उलटा घातला. चेहरा उजळला. "हां, आला, आला!" मग हसायला लागले. "आता सॅक्सोफोनवाला पळाला. एकाला घरात घ्यावा तर दुसरा भायेर!"

आई हसली. मला मात्र हसू येईना. मोबाइलमध्ये दोन्ही बाजू एकत्र करायची सोय असते, ती चालू करून पाहिली. बाबा ऐकून म्हणाले, "गर्दी झाली." त्यांचं खरं होतं, सगळे एकमेकांच्या अंगावर पडल्यासारखे वाटत होते.

लायप्झिगला परतल्यावर शोधताना कळलं की त्या वेळी अशा काही रेकॉर्डी दोनदा तयार होत. एक स्टीरिओ आणि एक मोनो, वेगळी जुळवलेली, एकाच स्पीकरच्या घरासाठी. मोनोत त्या रेकॉर्डवरच्या पाचही वादकांना एकाच दारातून आत यायचं असतं, म्हणून कुणी किती पुढे यायचं हे बसून ठरवलेलं असतं. बरेच महिने वाट पाहिल्यावर माझ्या त्या आवडत्या रेकॉर्डचा मोनो रीइश्यू निघाला. मी तो बाबांच्या मोबाइलवर धाडला.

बाबांचा फोन आला. "सगळे आले," म्हणाले.

पुढचं मला आईकडून कळत गेलं. त्यांनी ट्रम्पेट खाली काढला. रोज दुपारी उजव्या कानावर हेडफोन, आणि त्या पाच परक्या माणसांबरोबर वाजवणं. ओठ सुजायचे, दम लागायचा. शेजारचे म्हणायचे, या वयात काय हे! बाबांना ते डावीकडून ऐकू यायचं नाही, आणि उजवीकडून आलं तरी ते मनावर घेत नसत.

या डिसेंबरात मी सुट्टीवर आले तेव्हा जवळच्या भुईगावात लग्न होतं. बँडातले उरलेले लोक जमले. बाबांसाठी मधली जागा मोकळी ठेवली होती, ती त्यांच्या मानाची. बाबा तिथे गेले नाहीत. रांगेच्या पार डाव्या टोकाला जाऊन उभे राहिले. "इथून सगळे माझ्या उजव्या अंगाला येतात," त्यांनी ढोलवाल्याला समजावलं. "मधी तू उभा ऱ्हा."

इतकी वर्षं कमावलेली जागा त्यांनी अशी सहज सोडली, साथीदार ऐकू यावेत म्हणून. मी त्या माणसाकडे बघतच राहिले.

वरात नारळांच्या मधल्या अरुंद गल्लीतून निघाली. लग्नाचंच गाणं होतं, पण दुसऱ्या कडव्याआधी बाबा थांबले, श्वास घेतला, आणि एक लांब, दुखरा, तिकडचा, त्या रेकॉर्डवरचा सूर त्यात अलगद ओवला. बँडातल्या सॅक्सोफोनवाल्याने चमकून पाहिलं आणि तो त्या सुराच्या मागोमाग गेला.

माझ्या शेजारी एक म्हातारी मावशी उभी होती. माझे कपडे न्याहाळून तिने विचारलं, "कोनाची गो तू?"

लायप्झिगमध्ये मला लोक विचारतात, तू कुठली. नकाशावर बोट ठेवून मी सांगते, आणि तेवढ्यावर भागतं. पण कोणाची, हे मला एकाच ठिकाणी विचारतात. माझं घर आता तेच आहे.

मी रांगेच्या टोकाकडे बोट दाखवलं. मावशीने जरा कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "मंग पुढं जा की. इथं मागं काय उभी ऱ्हायलीस?"

मी पुढे गेले.