संपर्क : शांताबाई, दुपारी चारनंतर

आमच्या कार्यालयात फायलींचा निपटारा होतो, किस्स्यांचा होत नाही. ते नुसते साचत जातात! यंदा तर विचारूच नका, कारण यंदा आम्ही कॅटलॉग अपडेट करायला घेतला.

कॅटलॉग म्हणजे वेबसाइटवरचं एक पान. वाशिम जिल्ह्याचे विहिरींचे, रस्त्यांचे, मातीचे नकाशे वेगवेगळ्या खात्यांच्या सर्व्हरवर पडलेले. आमच्या पानावर गावाचं नाव टाकलं, की कोणता नकाशा कुठे आहे ते कळतं. त्यासाठी प्रत्येक नकाशाची माहिती भरायची: जागा कुठली, केव्हाचा, कोणाला विचारायचं. भरणारे दोघं, मी आणि नामदेवभाऊ. भाऊंनी उभी नोकरी मोजणीची साखळी घेऊन जिल्हा पायी पालथा घातलेला. आमच्या वर सुलभा मॅडम, पुण्याहून बदलून आलेल्या.

*

पहिला मान माझाच. घाईघाईत मी अक्षांशाच्या जागी रेखांश भरले आणि जऊळक्याचं रेल्वे स्टेशन थेट उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात जाऊन बसलं! मॅडमनी कपाळाला हात लावला.

भाऊ शांतपणे म्हणाले, "कायले घाबरता मॅडम? स्टेशन गेलं तं गाडीबी जाईनच नं!"

*

मग 'केव्हाचा' हा रकाना. विहिरींच्या पाण्याच्या नकाशापुढे भाऊंनी लिहिलं, 'सोयाबीन सोंगून झालं होतं, हरभऱ्याची पेरणी चालू होती.'

"भाऊ, तारीख हवी तिथे!"

"तारखेवरून इहिरीत पानी किती हाय ते समजते का, मॅडम?"

मॅडमनी तारीख टाकलीच. पण भाऊंचं वाक्यही खोडलं नाही.

*

एका खात्याचा नकाशा सकाळी उघडायचा आणि दुपारी गायब! आठवडाभर मी आमच्याच प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. शेवटी भाऊ मोटरसायकल काढून त्या ऑफिसात गेले आणि तिथूनच फोन केला, "सापडली चूक! ऊन वाढलं का सर्व्हरचा प्लग काढून कूलर लावून राह्यले इथं!"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी त्यांना एक्स्टेन्शन बोर्ड नेऊन दिला.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं. धनजच्या पांदण रस्त्याचं, म्हणजे वावरात जायच्या कच्च्या वाटेचं, मात्र तसं नव्हतं. तिथल्या शांताबाई वांगी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, पिकवतात. पावसाळ्यात त्या रस्त्यावर गुडघाभर चिखल, माल डोक्यावरून न्यावा लागतो. रस्ता पक्का करायचा प्रस्ताव होता, पण जुन्या नकाशात रस्ता दिसायचा आणि नव्यात नाही. वरून येणारे साहेब कॅटलॉग तपासणार होते. त्यांनी नवा नकाशा खरा धरला असता, तर प्रस्ताव तिथेच संपला असता. भाऊ स्वतः त्या रस्त्यावरून चाललेले. पण त्यांचं तोंडी कोण ऐकणार?

त्यातून भाऊंचा पराक्रम वेगळाच. 'कोणाला विचारायचं' या रकान्यात खात्याच्या अधिकाऱ्याचं पद लिहायचं असतं. भाऊंनी ज्याला खरंच माहीत आहे त्याचं नाव लिहिलं, तेही त्या माणसाला विचारून. मॅडमनी ते सगळं काढायला सांगितलं. भाऊ "हो" म्हणाले आणि काही काढलं नाही.

साहेब आले. त्यांनी 'धनज' टाकलं. दोन नकाशे समोर.

"यातला खरा कोणता?"

उत्तराची वाट न बघता साहेबांनी जुन्या नकाशाचा संपर्क उघडला आणि मोठ्यानं वाचला, "शांताबाई. दुपारी चारनंतर. त्याआधी वावरात असते."

मॅडमचा चेहरा पांढराफटक. मी जमिनीकडे बघायला लागलो. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार! त्यांनी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"बाई, मी नकाशाच्या ऑफिसातून बोलतोय. तुमच्या वावराकडे पांदण रस्ता आहे का?"

"मले काहून इचारता, सायेब? तुमचीच मानसं आली होती नं मोजाले! जीप फसली त्या रस्त्यात. आमच्या बैलायनं ओढून काढली, अन् पुढं न मोजता तिथूनच वापस गेले!"

साहेबांनी फोन तसाच चालू ठेवून जुन्या नकाशापुढे स्वतःच्या हातानं टाइप केलं, 'हा ग्राह्य धरावा.' मग म्हणाले, "बाई, मी स्वतः येतो रस्ता बघायला."

"या नं. पन पावसाच्या आत येजा, सायेब. बैलं म्हातारे झाले आता."