पुढे थांबणारे आप्पा

स्टिअरिंगवरून उजव्या हाताचं एक बोट उचलायचं, समोरच्या काचेकडे रोखायचं आणि म्हणायचं, "पुढे थांबसूत." आमच्या शेजारच्या आप्पांची ही खूण ज्याला माहीत नाही, तो त्यांच्या गाडीत कधी बसलेलाच नाही असं खुशाल समजा. जो बसला, त्याला ती जन्मभर पुरली.

नंदुरबारात आप्पांचं पंपाच्या जळक्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. त्यांचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. एकदा शहाद्याहून लग्न आटोपून आम्ही त्यांच्या गाडीतून परत येत होतो. चहाची तलफ सगळ्यांनाच आलेली. पहिल्या टपरीवर गर्दी फार, दुसरीचं दूध पातळ, तिसऱ्या टपरीवाल्याचा चेहराच आप्पांना आवडला नाही. असं करता करता गाडी थेट आमच्या दारात येऊन उभी राहिली. "देखा ताई, घरना चहासारखा चहा नही," असं म्हणत आप्पा उतरले, आणि तो घरचा चहा अर्थातच मला टाकावा लागला.

भाजीबाजारातही तीच गत. चांगली मेथी पुढे मिळेल म्हणून हे बाजाराच्या टोकापर्यंत जाणार आणि तिथून उरलीसुरली जुडी उचलून आणणार. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ती निवडत बसायच्या. "माले देखाना पहिले यासनी गावोगाव पोरी देख्यात," त्या मला सांगायच्या, "मन्हा पुढे पोरीच नव्हत्यात, म्हनीसन थांबनात!" आप्पा हसायचे आणि उगाचच चष्मा पुसायला घ्यायचे.

त्यांना कोणी चिकट म्हणेल तर ते खोटं आहे. आपल्या माणसाला जे द्यायचं ते सगळ्यात चांगलं द्यायचं, आणि सगळ्यात चांगलं ते अजून पुढेच आहे, अशी या माणसाची पक्की समजूत होती, एवढंच.

मग वहिनींना कॅन्सर निघाला. उपचारासाठी सुरतेच्या खेपा सुरू झाल्या. वहिनी सारंगखेड्याच्या, तापीच्या पाण्यात वाढलेल्या, पण समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. सुरतेला गेल्यावर प्रत्येक वेळी म्हणायच्या, इथे जवळच आहे म्हणतात, एकदा जाऊन येऊ. आप्पा ऐकायचे नाहीत. "सुरतना समुद्र काळा चिखल शे. तुले मी खरा समुद्र दखाडसू."

औषधांची एक फेरी संपली आणि डॉक्टर म्हणाले, थोडं फिरवून आणा. आप्पांनी लगेच बेत ठरवला. गाडीने दक्षिणेकडे जायचं, समुद्राच्या कडेकडेने थेट कन्याकुमारी. सोबत आम्ही दोघं, मी आणि माझे यजमान. मी दशम्या बांधून घेतल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली. वहिनींनी केस गेलेल्या डोक्याला नवा रुमाल बांधला. कोल्हापूर, हुबळी करत आम्ही घाट उतरलो आणि त्या सकाळी पहिल्यांदा उजव्या बाजूला समुद्र दिसला.

वहिनींनी काच खाली केली आणि हात बाहेर काढला. वाऱ्याने रुमाल सुटला, तर तो धरायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही, मीच धरला.

दिवसभर समुद्र आमच्याबरोबर लपंडाव खेळत होता. झाडांमागे जायचा, पुलावरून दिसायचा, पुन्हा गडप व्हायचा. जिथे जिथे दिसला तिथे वहिनींनी आप्पांच्या खांद्याला हात लावला, आणि तिथे तिथे बोट वर गेलं. एका ठिकाणी मासळीचा वास होता, एका ठिकाणी पोरं फार होती. दुपारनंतर, कुंदापूरच्या अलीकडे, रस्ता अगदी समुद्राला खेटून धावू लागला. डावीकडे नदी, उजवीकडे समुद्र, मध्ये आम्ही. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

"ओ, आठेच थांबा ना," वहिनी म्हणाल्या. "माले फक्त पाय बुडावना शेतस."

"आठे काय थांबनं? कन्याकुमारीले तीन समुद्र एक जागे भेटतस. तठे बुडाव."

"आप्पा, घ्या ना बाजूला. पाच मिनिटं," माझे यजमान म्हणाले.

बोट वर गेलं. "पुढे थांबसूत."

पुढे रस्ता आत वळला. नारळाच्या झाडांमागे समुद्र गेला तो गेलाच. उडुपी येईपर्यंत वहिनी तापाने फणफणत होत्या.

तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि आप्पांना फार बोलले. अशा बाईला एवढ्या लांब आणतात का? ताप उतरला की उलट्या पावली घरी न्या. आप्पा मान खाली घालून उभे होते. सकाळी पाहतो तर ते जागेवर नाहीत. तासाभराने आले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात पाण्याच्या दोन बाटल्या. आयाबाईंकडून त्यांनी प्लास्टिकचा टब मागून घेतला, बाटल्या त्यात ओतल्या आणि वहिनींचे पाय धरून त्यात ठेवले.

"देख. समुद्रच शे."

वहिनी त्या पाण्याकडे बघत राहिल्या. तळाशी थोडी वाळू बसली होती. मग म्हणाल्या, "याले लाटा कोठे शेतस?"

आप्पा खाली फरशीवर बसले आणि टबातलं पाणी तळव्याने हलवायला लागले. वहिनींना हसू आलं, हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आते."

मला त्या माणसाचा तेव्हा भयंकर राग आला होता. आजही येतो. आणि बायकोवर त्यांच्याइतका जीव टाकणारा नवराही मी दुसरा पाहिलेला नाही. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?

वहिनी त्याच उन्हाळ्यात गेल्या. अस्थी घेऊन आम्ही प्रकाशा गावाला गेलो. तापीकाठची आमच्याकडची काशीच ती. आप्पांनी राख पाण्यात सोडली, पण ती पायरीपाशीच फिरत राहिली.

"पानी कसं हालत नही?" त्यांनी गुरुजींना विचारलं.

"बॅरेजना दरवाजा बंद शेतस ना, आप्पा. पावसाळामा उघडतीन."

त्या दिवसापासून आप्पांनी पावसाची वाट पाहण्याशिवाय दुसरं काही केलं नाही. दुकान उघडायचे, पण मोटारीला हात लावायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं की त्याला विचारायचे, तुमच्याकडे वर पाऊस झाला का. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला शेतीची काळजी लागलीय. शेत त्यांनी कधीच वाट्याने दिलेलं होतं.

पावसाळ्यात वरचं पाणी आलं आणि दरवाजे उघडल्याचं कळलं. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात उभे, "चाला." कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर जीव दिसला. बॅरेजच्या कठड्याशी माणसांची जत्रा, जो तो मोबाइलवर फोटो काढत होता. खाली गढूळ पाणी नुसतं घोंगावत होतं. आप्पांनी तिथल्या एका कामगाराला गाठलं.

"हाई पानी आते सुरतले जाई ना? समुद्रमा?"

"समुद्रमा कसानं? पुढे उकाईनं धरण शे, काका. तठे आडेल ऱ्हास."

आप्पा कठडा धरून उभे राहिले. मी म्हणाले, "पोहोचतील हो वहिनी, आप्पा. आज ना उद्या."

"कव्हय?" त्यांनी मला विचारलं. अगदी साधं, गाडीची वेळ विचारावी तसं. मी शिक्षिका आहे, वर्गात तापी मीच शिकवते, उगमापासून मुखापर्यंत.

दिवाळीच्या तोंडावर आप्पा झोपेतच गेले. त्यांच्या अस्थी घेऊन आम्ही प्रकाशाला गेलो तेव्हा बॅरेजचे दरवाजे पुन्हा बंद झालेले होते.